गार आहे, पण वारा नाही

॥ श्री ॥

शेतवस्ती, ता. जाफराबाद
१६ फेब्रुवारी २००३

चि. कडूबास अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. मनातून आत्ता एकही निघत नाही.

फोन मुद्दाम केला नाही. किराणा दुकानातल्या फोनवर बोलायचे म्हणजे अर्धी वस्ती साखर घ्यायच्या निमित्ताने भोवती उभी राहते, आणि मी दोन शब्द बोलते न बोलते तोच तू "गिऱ्हाईक आलं अक्का" म्हणून ठेवून देतोस. कागद तसा ठेवून देता येत नाही. सगळा वाच.

काल कौसल्येची पूर्वपरीक्षा संपली. शाळेने ती मुद्दाम भोकरदनच्या केंद्रावर घेतली, दहावीच्या मुलांना जागेची सवय व्हावी म्हणून. जाताना सकाळ होती, काही वाटले नाही. येताना अडीच वाजले होते. शिवरात्र अजून झाली नाही आणि ऊन वैशाखाचे. गाडीच्या काचा बंद, एसी चालू, यांनी पंख्याचे बटण चारवर लावलेले. तरी जाळीतून वारा येतो कसा, तर म्हाताऱ्या माणसाने दुधावरची साय सारायला फुंकर घालावी तसा. जाळीला हात टेकवला तर गार लागते. हात वीतभर मागे घेतला की काही नाही.

तुला सांगायची गरज नाही, पण रागात माणूस सगळेच सांगते. या पोरीला जन्मापासून घाम येत नाही. तुझेमाझे अंग तापले की घामाने निवते. तिचे निवत नाही, चुलीवर विसरलेल्या तव्यासारखे तापतच जाते. म्हणून तर यांनी बियाणे कंपनीने काढून टाकलेली ही पिकअप घेतली, मागे मिरची भरावी आणि पुढे एसीत बसून पोरीने शाळेला जावे. एसीची गार करणारी कॉइल बदलायचे काम दसऱ्याला तुझ्याकडे दिले, कारण जालन्यात सख्ख्या मामाचे गॅरेज असताना परक्याच्या दारात कशाला जायचे!

निम्म्या वाटेत तिची मान कलली. डोळे लाल, ओठ कोरडे, बोलणे अडखळते. यांनी गाडी एका विहिरीवर घेतली. मी तिच्या अंगावर अठरा तांबे पाणी ओतले. मोजून अठरा. विहिरीवरचा माणूस म्हणतो, "बाई, पोरीला लागिर झालं का?" मी म्हटले, "लागिर न्हाई, मामा झाला."

तिच्या तापाची माझी वही तुला माहीत आहे. तारीख, वेळ, ताप, पाणी, कारण. कालची ओळ अशी: १५ फेब्रुवारी, दुपारी ३, ताप १०३.८, तांबे १८. आणि कारणाच्या रकान्यात लिहिले आहे, "कडूबाची कॉइल." तुझी नंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आली तेव्हा सगळ्या बायकांत म्हणाली, "अक्का, तुमच्या गाडीचं यांनी घरचंच समजून केलंय." घरचे म्हणजे काय ते मला कळते. दुसऱ्याच्या गाडीतून निघालेले सामान बहिणीच्या गाडीत, त्याला घरचे म्हणतात.

सहा मार्चला तिचा पहिला पेपर. मी चौऱ्याहत्तर साली मॅट्रिक झाले आणि निकालाच्या महिन्यात माझे लग्न लावले. हिला कॉलेजात जायचे आहे. एका पेपराला गाडीत अशी तापली की पुढचा पेपर गेला. पाच तारखेच्या आत येऊन गाडी नीट कर.

आधीची दोन गेली म्हणून आईने तुला दृष्ट लागू नये यासाठी कडूबा नाव ठेवले. ते खरे करून दाखवू नकोस.

तुझी अक्का,
सगुणा

*

जालना
२१ फेब्रुवारी २००३

ती. सगुणा अक्कास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र भेटलं. आधी नंदानं वाचलं. मंग दोन दिवस मला भाकरी वाढताना ताट आपटून राह्यली. "घरचंच समजून केलं" म्हणजे मजुरी घेतली न्हाई, असं ती म्हणल्ती. कॉइल नवी हाय. डब्यातली. डबा दाजींच्या समोर फोडल्ता, त्यांना विचार. त्या डब्यात आता तुमच्याच घरी लसूण असतो, बघ जाऊन.

आता राग बाजूला ठेव. मी पण ठेवतो, पण तू पहिली ठेव.

जाळीला हात टेकला की गार लागतं ना? मंग गॅस बराबर हाय. कॉइल बराबर हाय. गार हाय, पण वारा न्हाई. हे दोन रोग येगळे आहेत, अक्का. विहिरीला पाणी हाय पण मोटर ओढून न्हाई राह्यली, त्यात विहिरीला शिव्या देऊन काय फायदा? वारा न्हाई म्हणजे एक तर पंखा दमला, न्हाईतर वाऱ्याच्या वाटेत काहीतरी अडकलं.

कौसल्येला घे आन् असं कर. गाडी चालू ठेवून पंखा एकवर लाव आन् जाळीसमोर रुमाल धर. मंग दोन, तीन, चार. आवाज किती वाढतो आन् रुमाल किती उडतो, दोन्ही बघ. आवाजच न्हाई वाढला तर पंख्याचं काम. आवाज वाढला पण रुमाल न्हाई उडला, तर वाट बंद हाय. दुसरं, डाव्या सीटवर पायापाशी, कागदपत्रं ठेवायच्या खणाच्या खाली एक जाळी हाय. तिथून पंखा गाडीतलाच वारा आत ओढतो. तिथं हात धरून बघ ओढ लागते का. ती जाळी पहिल्यापासून एका कोपऱ्यात तुटलेली हाय. मागल्या महिन्यात एका डॉक्टरच्या गाडीत अशाच जाळीतून उंदीर शिरल्ता, पंख्यातच घरटं, पिल्लं सुद्धा. तुमच्या गाडीत पोत्याचे धागे, मिरचीची धूळ. तिथं काही ठेवता का तुम्ही?

गॅस भरू नको. जाफराबादला कोणी म्हणलंच गॅस कमी हाय, तर त्याला म्हणावं आपल्या चुलीत भर.

मला लगेच निघता न्हाई येत. आठ गाड्या खोलून पडल्यात, उन्हाळ्याच्या तोंडावर सगळ्यांना एसी आठवतो. दाजींना गाडी घेऊन पाठव. अर्ध्या दिवसाचं काम हाय, नंदा जेवण करील, ताट न आपटता.

आन् अक्का, ते "मामा झाला" लिहिलं ना, ते लागलं. कौसल्या पाळण्यात होती तवा रोज बर्फाची लादी सायकलला बांधून भोकरदनहून कोण आणीत होतं? त्याचा रकाना तुझ्या वहीत न्हाई दिसत.

तुझा,
कडूबा

*

॥ श्री ॥

शेतवस्ती
२६ फेब्रुवारी २००३

चि. कडूबास आशीर्वाद.

डबा आहे. लसूणही आहे. डबा नवा होता, आत काय होते ते देव जाणे आणि तू जाणे.

सांगितलेस ते सगळे केले. कौसल्येने माझा रुमाल धरला, मी कान दिला. एकवर भर्र, दोनवर जास्त, चारवर तर गिरणीत बसल्यासारखे. रुमाल एकवर जेवढा हलला तेवढाच चारवर. म्हणजे तुझ्याच म्हणण्याप्रमाणे वाट बंद आहे. मग हे गाडी आणि मला जाफराबादच्या मिस्त्रीकडे घेऊन गेले. त्याने गॅस भरला (हो, भरला, मला तुझी परवानगी लागत नाही) आणि म्हणाला, "वहिनी, वारा कॉइलमधूनच येतो. कॉइल बुजली की वारा बंद. नवी कॉइल चार महिन्यांत बुजत नसते." ऐकलेस? वाट म्हणजे कॉइल. कॉइल तुझी. दोन अधिक दोन मला येतात, मी मॅट्रिकला गणितात पहिली होते.

आणि माझ्या गाडीत उंदीर? मिरचीचे पोते मागे असते, पुढे मी कोणाला चप्पल घालून बसू देत नाही. दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसते. तिथे काही ठेवता का, म्हणून विचारतोस. माझ्या गाडीत देवाशिवाय दुसरे काही नसते.

जालन्याला गाडी पाठवणार नाही. यांना म्हटले, तर म्हणाले, "तुम्ही भाऊबहीण भांडा, मी मिरची विकतो." यांचा स्वभाव तुला माहीत आहे, घर जळाले तरी आधी विडा पुरा करतील. मीच ठरवले, ज्या दारात फसवणूक झाली तिथे गाडी पुन्हा उभी राहणार नाही. पेपराच्या दिवशी काचा उघड्या ठेवून ओल्या चादरी लावून नेईन. सोबत माठ घेईन, बर्फ घेईन, देव आहे.

अण्णासाहेब काकांना सगळे सांगितले आहे. कौसल्या पेपर लिहिते तेवढे तीन तास मी भोकरदनला त्यांच्याच घरी बसणार आहे. काका म्हणाले, "कडूबानं असं करायला नव्हतं पाहिजे." तुझ्याकडे गाड्या पाठवणारे सगळे त्यांच्याच ओळखीचे आहेत हे मला ठाऊक आहे. तुलाही असू दे.

येऊ नकोस.

सगुणा

*

जालना
२ मार्च २००३

ती. अक्कास नमस्कार.

काल शिवरात्रीला गॅरेज बंद ठेवलं आन् सकाळच्या एसटीनं आल्तो. तू महादेवाला गेल्ती. दाजी आन् कौसल्या घरी होते. खण उतरवला, काम केलं, तीनच्या गाडीनं परत निघालो. गाडीत बसशील तवा कळलच.

कॉइल खराब होती. माझी चूक. बदलली. आता वारा बराबर हाय.

दाजींना काही विचारू नको, ते चहा करून राह्यले होते. विषय संपला.

कौसल्येला म्हणावं, मामानं दाखवलं ते ध्यानात ठेव आन् पेपर बिनघोर लिही.

कडूबा

*

॥ श्री ॥

शेतवस्ती
८ मार्च २००३

चि. कडूबास आशीर्वाद.

शेवटी कबूल केलेस. तीन ओळींत. एवढेच दोन आठवड्यांपूर्वी लिहिले असतेस तर माझे रक्त आटले नसते, आणि गॅस भरायची पाळी आली नसती.

परवा मराठीचा पेपर झाला. खोटे कशाला बोलू, येताना वारा असा, की कौसल्येच्या हातातली प्रश्नपत्रिका फडफडत होती. घरी आल्यावर ताप ९९. पाणी शून्य तांबे. वहीत लिहिले. पोरगी दारातूनच म्हणाली, "आई, निबंध मोठा लिहिला मी, पुरवणी घेतली." त्या क्षणी तुला माफ करावेसे वाटले होते. पण लगेच मनात आले, ज्याने आधी जाणूनबुजून वाईट सामान घातले त्याने ते काढले, यात उपकार कसला?

तुझे पत्र मी अण्णासाहेब काकांकडे मोठ्याने वाचून दाखवले. काकू होत्या, त्यांचे जावईबापू होते, शेजारचे दोघे होते. "कॉइल खराब होती, माझी चूक." जावईबापू म्हणाले, "अक्का, बरं झालं सांगितलंत. माझ्या तीन गाड्या त्याच्याकडेच लागल्यात." मी म्हटले, मी कोणाचे नुकसान करायला वाचत नाही, खरे ते वाचते. तुला वाईट वाटेल. वाटू दे. मला विहिरीवर काय वाटले होते?

आणखी एक. दर अमावास्येला मी देवीचा अंगारा आणि कापराच्या वड्या पिवळ्या कापडाच्या पुडीत बांधून गाडीत ठेवते. डाव्या सीटच्या पायापाशी ती जाळी तू लिहिली होतीस ना, तिच्या तुटक्या कोपऱ्यात पुडी बरोबर बसते. पोरीच्या अंगाला लागणारा वारा देवीच्या अंगाऱ्यावरून यावा, एवढेच. तू काम करून गेल्यावर बघितले तर पुडी नाही. कुठे पाडलीस? पायाखाली घेतलीस का? हात काळे असले तरी देवाधर्माचे भान असावे माणसाला.

या अमावास्येला गाडी मिरचीच्या फेरीवर होती, म्हणून राहून गेले. आता मंगळवारी, देवीच्या वारी ठेवणार. बुधवारी बीजगणित आहे आणि नेमका तोच विषय तिला जड जातो. या वेळी पुडी दुप्पट करीन आणि दोऱ्याने जाळीला घट्ट बांधीन, म्हणजे पुन्हा कोणाच्या हाताने पडायची नाही.

सगुणा

*

जालना
११ मार्च २००३, मंगळवार, दुपार

अक्का, ती पुडी काढ. आधी उठून काढ, मंग पुढचं वाच.

तुझं पत्र आत्ता पोस्टमननं दिलं. किराणा दुकानाला चार डाव फोन लावला, लागून न्हाई राह्यला. अण्णासाहेबांकडं लावला. "कडूबा बोलतो" एवढंच म्हणलो, त्यांनी ठेवून दिला. तू वाचून दाखवलं ना, त्याचं फळ. त्यांच्या जावयाच्या तीन गाड्या कालच ट्रॅक्टरनं ओढून नेल्या, एकीचा तर पंखा माझ्या टेबलावर होता. पण ते जाऊ दे. हे पत्र चारच्या गाडीच्या कंडक्टरकडं देतो, तो तुमच्या फाट्यावर चहावाल्याकडं देईल. चहावाल्याला सांगायला लावतो, सकाळी गाडी निघायच्या आत बाईच्या हातात दे.

कॉइल खराब नव्हती. खोटं लिहिलं मी.

शिवरात्रीला खण उतरवला, पंखा बाहेर काढला. पंख्याच्या पात्यांत पिवळी कापडं. एक न्हाई, चार. दिवाळीपासूनच्या चार अमावास्या, मी बोटांवर मोजल्या. तुटक्या जाळीतून पंख्यानं एकेक आत ओढली, फाडली, आन् अंगारा पुढं फेकला. पुढं कॉइल असते ओली. राख आन् पाणी, अक्का. तू चूल लिंपतेस तशी कॉइल लिंपून निघाल्ती. वारा येणार कुठून? दीड तास ब्रशनं धुतली. तीच कॉइल परत बसवली. तीच, डब्यातली, नवी.

कौसल्या बॅटरी धरून उभी होती. तिनंच पहिली पुडी ओळखली. म्हणली, "मामा, आईला सांगू नका. वहीत ती स्वतःचं नाव लिहील आन् मंग जेवणार न्हाई, माझे पेपर होईस्तोवर उपास धरील." दाजी म्हणले, "कडूबा, तुझ्यावर घे, तुझ्यावर तसंही आलेलंच हाय." मी घेतलं. मला वाटलं, एक पत्र, दोन शिव्या, मिटलं. जाळीच्या तुटक्या कोपऱ्याला तार लावायला पाहिजे होती, ती पण न्हाई लावली, तीनची एसटी धरायची होती. ही खरी माझी चूक, ही लिही वहीत.

पण तू सगळ्या गावासमोर वाचशील हे न्हाई वाटलं. आन् पुन्हा तिथंच ठेवशील हे तर बिलकुल न्हाई. दोऱ्यानं बांधलीस म्हणतेस? दोरा पंख्याच्या दांड्याला गुंडाळला तर वारा कमी न्हाई होणार, पंखाच थांबल. बुधवारी अडीच वाजता, काचा बंद, पोरगी आत.

मी स्वतः आलो असतो. पण तूच लिहिलंय येऊ नकोस, आन् चोरासारखा एकदा येऊन झालं. कंडक्टर भरवशाचा हाय.

काढली का? काढ.

कडूबा

*

॥ श्री ॥

शेतवस्ती
१४ मार्च २००३

चि. कडूबास आशीर्वाद.

तुझा भरवशाचा कंडक्टर खरेच भरवशाचा निघाला. पत्र मंगळवारी दिवेलागणीलाच चहावाल्याकडे आले. चहावाला म्हणाला, सकाळी देऊ, तूच तसे सांगितले होतेस. बुधवारी आम्ही निघालो तर तो रस्त्याच्या कडेला उभा राहून जोरजोरात हात करत होता. आमच्या काचा बंद, एसी चालू, पंखा गिरणीसारखा. यांना वाटले रामराम करतोय. यांनीही हात केला. मीही मान हलवली. तो गाडीमागे पंचवीस पावले पळाला म्हणे.

पुढचे सांगते.

अडीचला पेपर सुटला. पोरगी हसत आली, "आई, सगळी गणितं सुटली, एक सोडून." डाव्या सीटवर बसली. तीनएक मैल गेलो आणि पंख्याचा आवाज एकदम चढला, मग घर्र झाला, मग काही नाही. रबर जळाल्याचा वास. जाळीला हात लावला तर गारसुद्धा नाही. हे म्हणाले, "माघारी भोकरदनला घेऊ का?" मी म्हटले, "विहीर बघा, विहीर." पोरीचा चेहरा डाळिंबासारखा झालेला. ती म्हणाली, "बाबा, झाडाखाली थांबवा. आई, तू मागं सरक."

तिने खण ओढून काढला. हात कोपरापर्यंत आत घातला. नख तुटले, बोट रक्ताळले, तरी ओढत राहिली, आणि दोरा बाहेर आला, आणि दोऱ्याच्या टोकाला माझी पिवळी पुडी, अर्धी चावल्यासारखी. तिने ती माझ्या हातात दिली नाही. टाकलीही नाही. पुढच्या काचेपाशी नीट ठेवली. मग कंपासपेटी उघडून फ्यूज काढला, तूच देऊन ठेवलेला असणार, जुना उपटला, नवा दाबला आणि म्हणाली, "बाबा, लावा." वारा आला. मग ती आडवी झाली.

१०४.२. तांबे सव्वीस.

तिने माझ्याकडे एकदाही बघितले नाही. तेव्हाच मला कळले, हिला आधीपासून माहीत होते. यांच्याकडे बघितले, तर हे झाडाचा पाला मोजत उभे. संध्याकाळी चहावाल्याने तुझे पत्र हातात दिले ते मी फाट्यावरच उभ्याने वाचले.

दर अमावास्येला आधीची पुडी जागेवर नसे. मला वाटे, देवीने घेतली; या वेळी तेवढे तुझ्यावर ढकलले. माझ्या पोरीसाठी ठेवलेले देवीने घेतले, म्हणून मी दर महिन्याला खुशीत दुसरी ठेवत गेले. तिथे काही ठेवता का, म्हणून तू सरळ विचारले होतेस. देवाचे ठेवणे हे "काही ठेवणे" असते, असे माझ्या मनाला शिवलेही नाही. गणितात पहिली म्हणून मिरवले, आणि हे दोन अधिक दोन मला आले नाहीत. वहीत १५ फेब्रुवारीच्या ओळीत तुझे नाव होते ते खोडले. तिथे आणि १२ मार्चलाही काय लिहायचे ते लिहिले आहे. उपास धरलेला नाही, तेवढे पोरीला कळवून टाक, ती माझ्या ताटाकडेच बघत असते.

देवीवर माझा राग नाही. अंगारा कपाळाला लावायचा असतो, तो मी पंख्याच्या तोंडात घातला, यात देवी काय करील?

पण तुझ्यावर आहे, आणि तो कालच्यापेक्षा जास्त आहे. कडूबा, तू कोण मला वाचवणारा? पंधरा वर्षांची पोर म्हणाली "आईला सांगू नका" आणि चाळिशीचा माणूस ऐकतो? मी रडले असते, डोके आपटले असते, चार दिवस जेवले नसते. पण पाचव्या दिवशी ती पुडी तिथे बांधली नसती. खरे लिहिले असतेस तर माझा हात तिथेच थांबला असता. तू गोड बोलून मला आंधळी ठेवलीस, आणि मी आंधळेपणाने दोऱ्याची गाठ दुहेरी मारली. तुम्ही तिघे एका बाजूला, मी एका बाजूला, आणि सगळे माझ्या भल्यासाठी. असले भले मला नको आहे. मला शिवी दे, पण खरी दे.

काल पोरीला अंगात कणकण होती. रात्रीपर्यंत मला वाटत होते, भूमितीचा पेपर गेला. आज सकाळी ताप उतरला, ती स्वतःहून उठून गाडीत बसली आणि बसायच्या आधी पायापाशच्या जाळीत हात घालून बघितला. मी बघत असताना बघितला. पेपर झाला, बरा झाला म्हणते.

ती पेपरात होती तेव्हा मी अण्णासाहेब काकांकडे गेले आणि तुझे मंगळवारचे पत्र काढले. काका म्हणाले, "राहू दे सगुणा, समजलं, घरातली गोष्ट आहे." मी म्हटले, "पहिलं पत्र ऐकताना ती घरातली नव्हती. बसा." पुडीच्या ओळीला काकू तोंडाला पदर लावून हसल्या. शेजारचे दोघे उघड हसले. मी थांबले नाही. राख आणि पाणी, चूल लिंपतेस तशी, सगळे वाचले. जावईबापू नव्हते, म्हणून काकांना तिथल्या तिथे फोन लावायला लावला आणि स्वतः बोलले. त्यांना सांगितले, कॉइल नवी होती, खोटे माझ्या भावाने लिहिले आणि मूर्खपणा मी केला, गाड्या होत्या तिथे परत लावा. ते म्हणाले, बघतो. बघतो म्हणजे काय ते तुला मला दोघांना कळते. काकांनी फोन ठेवून दिल्याबद्दल तुला काही सांगायला मात्र मी त्यांना लावले नाही. ते त्यांचे त्यांनी बघावे.

चहाचा अर्धा कप तसाच ठेवून उठले. माफी मागायला हा कागद लिहीत नाही. माफीचे काय ते तोंडाने बोलेन, आणि त्याच तोंडाने तुला जे बोलायचे आहे ते इथे मावत नाही.

सोमवारी विज्ञान आहे. जाळीला तार लागलेली नाही, यांच्याने ते होत नाही, आणि पोरीने पेपराच्या दिवशी हात रक्ताळावेत हे मला नको. रविवारच्या शेवटच्या गाडीने ये. दिवसाढवळ्या, पुढच्या दाराने. उरलेले सगळे पेपर तू गाडीत बसायचे.

जेवून येऊ नकोस.

तुझी अक्का,
सगुणा